खांद्यावरचा पंचा

गुरुग्रामला लेकाकडे राहायला येताना ठाण्याच्या घरातलं बरंचसं सामान आम्ही वाटून टाकलं. मी हट्टाने बरोबर आणलं ते इतकंच: वडिलांचा अडकित्ता आणि तीन राजापुरी पंचे. अडकित्त्याला इथे काम नाही, सुपारी डॉक्टरांनी बंद केली. पंचे मात्र रोज वापरात आहेत. सुनेने दोनदा जाड टर्किश टॉवेल आणून दिले, ते मी पाहुण्यांसाठी ठेवले. पंच्याची गोष्टच वेगळी. दोरीवर टाकला की चहा होईपर्यंत वाळतो, घडी घातली की खिशात मावतो, डोक्याला बांधला की ऊन अडवतो आणि कमरेला गुंडाळला की माणूस पुरता सभ्य होतो. माझे आजोबा एका पंच्यावर अख्खा उन्हाळा काढत. तसे ते दिवसभर उघडेबंब असत, पण कुणी दारात आलं की पंचा खांद्यावर घेत. तो खांद्यावर आला की आजोबांनी सदरा घातला असं आम्ही पोरं समजत असू.

हाच पंचा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एका निराळ्याच कामाला येईल, हे मात्र मनात आलं नव्हतं.

सोहन्याच्या अलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी, माझ्या एका जुन्या मित्राची तीन एकर जमीन आहे. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला टेकडी. मित्र कंपनीच्या कामासाठी सहा वर्षं जर्मनीत होता आणि येताना एक सवय घेऊन आला. कपडे न घालता चालण्याची. त्याचा त्याने कधी गाजावाजा केला नाही. एका रविवारी माझ्याबरोबर टेकडीवर फिरताना, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलावं तशा आवाजात त्याने ते सांगितलं. मग म्हणाला, “पाऊस सुरू झाला की ये एकदा. तुलाही कळेल.”

मी विचारलं, “काय घालून येऊ?”

तो मोठ्याने हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे थोड्या वेळाने त्यालाच जाणवलं असावं. परतीच्या वाटेवर तो त्याविषयीच बोलत होता. काहीही न घालता चालायचं असेल तर आधी कपड्यांचा विचार करावा लागतो, आणि तो लग्नाला जातानाच्या विचारापेक्षा बारकाईने करावा लागतो.

त्याचा पहिला नियम असा: जे घालायचं ते बूट न काढता घालता आलं पाहिजे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण अरवलीचा खडक म्हणजे धारदार गारगोटी. त्यावर वेड्या बाभळीचे काटे पसरलेले. इकडे तिला विलायती कीकर म्हणतात. इंग्रजांनी दिल्लीचा रिज हिरवा करायला ती लावली आणि तिने सगळी टेकडी गिळली. खाली सराटे, पावसाळ्यानंतर कुसळं. तेव्हा अंगावर दुसरं काही नसलं तरी पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि जाड मोजे हवेतच. आता समोरून कुणी आलं, तर बुटावरून पँट चढत नाही. एका पायावर लंगडी घालणारा नागडा माणूस हे नुसत्या नागड्या माणसापेक्षा जास्त लाजिरवाणं दृश्य आहे.

दुसरा नियम: नाडी, बक्कल, घट्ट इलॅस्टिक नको. त्यांचे वळ अंगावर तासभर राहतात आणि मोकळं व्हायला निघालेला माणूस आपल्या बेड्यांचे ठसे मिरवत चालतो. तिसरा: कपडे उतरले की खिसेही उतरतात, हे लक्षात ठेवावं. किल्ली, चष्म्याची डबी, रक्तदाबाची गोळी यांच्यासाठी पाठीला लहानशी पिशवी हवी. फोन तिच्या तळाशी, बंद करून. चौथा नियम रंगाचा. भडक नको हे कुणालाही समजतं, पण लष्करी ठिपक्यांचंही नको. ते घालून झुडपातून निघालेला माणूस इथे आणखी संशयास्पद दिसतो. मातकट, पांढरट, धुऊन विटलेलं असं काहीतरी हवं. परदेशात यासाठी बाजूने उघडणाऱ्या चड्ड्या आणि गुंडाळायचे स्कर्ट मिळतात, असं तो म्हणाला. क्षणात सोडता येणारं, क्षणात बांधता येणारं, शिवणीशिवायचं, घामाला चालणारं.

मी म्हटलं, “म्हणजे पंचा.”

तो थबकला. तो ज्या कपड्याचं वर्णन करत होता, तो माझ्या बाल्कनीत वाळत होता.

पुढचे काही दिवस मी लोक काय नेसतात ते बघत फिरलो, कारण सुटसुटीत म्हणजे काय हे मला कळलं होतं, पण लोकांच्या डोळ्यांवर न येणारं म्हणजे काय हे कळलं नव्हतं. मी समजत होतो की जितकं अंग झाकलं तितका माणूस नजरेआड. पण सकाळी आमच्या सोसायटीच्या दारात घट्ट सायकलिंग शॉर्ट घातलेला तरुण गावाकडच्या रस्त्यावर गेला की म्हशीसुद्धा वळून बघतात. त्याच रस्त्यावर तहमद गुंडाळून खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आमच्यासमोर वीस मजली इमारतीचं काम चालू आहे. तिथले बिहारकडचे मजूर संध्याकाळी रस्त्यालगतच्या नळावर गमछा नेसून आंघोळ करतात. वरच्या मजल्यांवरून शेकडो खिडक्या त्यांच्याकडे बघू शकतात, आणि एकही बघत नाही. त्यांचं उघडेपण कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण ते स्वतःच कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. हा विचार मनात आला आणि माझ्या हौसेची थोडी लाज वाटली.

आपल्या भाषेने या सगळ्याची प्रतवारी आधीच करून ठेवली आहे. उघडा म्हणजे नुसता सदरा नसलेला. नागडा म्हणजे पोर, नाहीतर निर्लज्ज. नागवा म्हटलं की त्यात गरिबी आली, आणि नागवणं म्हणजे तर सरळ लुबाडणं. तेच अंग, तेवढीच कातडी, पण आदराने बोलायचं झालं की दिशांचं वस्त्र पांघरून दिगंबर होतं. आमच्या ठाण्याच्या घरात शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो होता. १८७८च्या फेब्रुवारीत शेगावात दिसलेला, अंगावर कापडाची शुद्ध नसलेला तो योगी आमच्या बैठकीच्या खोलीत होता आणि त्याच फोटोखाली बसून माझी आई मला, पाहुणे आलेत, शर्ट घाल म्हणून ओरडत असे. त्यात विसंगती आहे असं तिला किंवा मलाही कधी वाटलं नाही.

मित्राला वाटत होतं की ही सवय त्याने जर्मनीहून आणली. मला त्याला एक ठाणेकर दाखवायचा होता. १८९१ साली ठाण्याला चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाचे न्यायाधीश होते. त्या काळच्या साहेबाचा पोशाख आठवा: कडक कॉलर, कोट, डोक्यावर सोला हॅट आणि कॉलऱ्यापासून बचाव म्हणून पोटाला फ्लॅनेलचा पट्टा. कोकणपट्टीतल्या मे महिन्यात. त्या गृहस्थांनी एक मंडळ काढलं, ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’. नग्नतेसाठी काढलेली, आज माहीत असलेल्यांपैकी ही सर्वांत जुनी संघटना, आणि तिचा पत्ता ठाणे. सभासद तीन: स्वतः क्रॉफर्ड आणि काल्डरवुड आडनावाचे दोन भाऊ, मिशनऱ्याचे मुलगे. तिघे माथेरानला गेले, तुळशी तलावाकाठी गेले. न्यायाधीशच ते, त्यामुळे नियमावली आली. तिच्यात अंगावर काय चालेल त्याची यादी होती: अंगठी, चष्मा आणि कवळी. मंडळाची ही हकीकत आपल्याला समजते ती क्रॉफर्डनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रांमुळे. कार्पेंटरही कपड्यांच्या जाचाला कंटाळलेला माणूस. अलीगढच्या कॉलेजात शिकवायला आलेल्या हॅरॉल्ड कॉक्स या मित्राने त्याला काश्मीरच्या वहाणा पाठवल्या होत्या. त्या बघून तो स्वतः वहाणा शिवायला शिकला आणि इंग्रजांची पावलं बुटातून सोडवायच्या मागे लागला.

क्रॉफर्डच्या यादीत वहाणा नाहीत, पंचाही नाही. वाटेत कुणी भेटलं तर काय, याचा विचारही नाही. तो करायची त्यांना गरज नव्हती. माथेरान १८५० साली ठाण्याच्याच कलेक्टरने, मॅलेटने, साहेबलोकांसाठी शोधून काढलेलं. आगगाडी अजून वर आलेली नव्हती. नेरळहून घोडे, हमाल, सामान उचलणारे. त्या डोंगरावरचे ठाकर आणि कातकरी पिढ्यान् पिढ्या लंगोटीवर वावरत होते आणि त्यांना कुणी मंडळ म्हणत नव्हतं. साहेबाने अंगावरचे सात थर उतरवून जिथे पोचायचं ठरवलं, तिथे त्याचं सामान वाहणारा जन्मापासून उभा होता. पुढच्याच वर्षी, १८९२ला, क्रॉफर्डची बदली रत्नागिरीला झाली आणि मंडळ संपलं. बदलीने मोडलेले संकल्प आम्हा नोकरदारांना नवे नाहीत. मला मौज वाटते ती निराळीच. ज्या एका कापडाची त्यांच्या नियमावलीत उणीव होती, ते ज्या राजापूरच्या नावाने विकलं जातं, त्याच जिल्ह्यात त्यांची बदली झाली.

मित्राने यावर मला युरोपच्या हकिगती ऐकवल्या. जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात २०१०पासून अठरा किलोमीटरची एक वाट नग्न चालणाऱ्यांसाठी आखलेली आहे. तोंडाशी पाटी आहे, तिचा मतलब असा की नागडी माणसं बघायची नसतील तर पुढे जाऊ नका. म्हणजे जबाबदारी बघणाऱ्यावर. त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडच्या ॲपेन्झेल इनरर्‍होडनमध्ये गावकऱ्यांनी चौकात जमून हात वर केले आणि डोंगरात नागडं फिरायला बंदी घातली. दंड दोनशे फ्रँक. म्हणजे जबाबदारी चालणाऱ्यावर. आणि ब्रिटनमध्ये स्टीफन गॉफ नावाचा माजी सैनिक पायात बूट, पाठीवर पिशवी, इतक्यावर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. कपडे घालायला त्याने नकार दिला आणि त्यापायी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली. २०१४मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्याच्या बाजूने निकाल दिला नाही. मित्राच्या आवाजात गॉफबद्दल आदर होता. मला राहून राहून वाटत होतं, त्याच्या पिशवीत एखादा पंचा असता तर? पण तो असता तर गॉफ गॉफ राहिला नसता. त्याला वाट चालायची नव्हती, वाद जिंकायचा होता. मला फक्त पावसात चालायचं होतं.

वाद जिंकायला निघालेला माणूस आपल्याकडेही होऊन गेला. र. धों. कर्व्यांनी जुलै १९२७ला ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं. नग्नतेत मुळात अश्लील काही नाही, हे ते लिहीत राहिले आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर छापत राहिले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्वे हरले, दोनशे रुपये दंड भरला आणि पुढच्या अंकाच्या तयारीला लागले. त्यानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने एका छायाचित्राच्या प्रकरणात म्हटलं की नग्न चित्र आहे एवढ्याने ते अश्लील ठरत नाही. कायद्याची जुनी तरतूद मात्र आता भारतीय न्याय संहितेच्या २९६व्या कलमात आली आहे. सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्यांना त्रास होईल असं अश्लील कृत्य, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. मी ते कलम दोनदा वाचलं. त्यातला मला खिळवून ठेवणारा शब्द अश्लील हा नव्हता, ‘दुसऱ्यांना’ हा होता. कायदासुद्धा माझ्या अंगाकडे थेट बघत नाही. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांतून बघतो.

ते डोळे कसे असतात ते या दिल्लीच्या परिसराइतकं कुठे कळत नसेल. २०२३च्या जूनमध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका आईच्या खटल्यात स्त्रीचं उघडं शरीर म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे असं सांगितलं. त्याच महिन्यात ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीने पत्रक काढलं की रहिवाशांनी लुंगी किंवा नाइटी घालून आवारात फिरू नये. त्यानंतर आमच्या लॉबीतून वर्तमानपत्र आणायला पंचा खांद्यावर टाकून जाताना मीही जरा घुटमळू लागलो. आणि याच परिसरात, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिराजवळ, मी चांदनी चौकातली ती गर्दी दुभंगताना पाहिली आहे: रिक्षा थांबल्या, पराठेवाल्याने हात जोडले आणि मधून एक दिगंबर मुनी अनवाणी चालत गेले. अंगावर सूतसुद्धा नाही.

मुनींकडे मी तेव्हा भाविकाच्या नजरेने पाहिलं होतं. आता एका चालणाऱ्याने दुसऱ्या चालणाऱ्याकडे बघावं तसं बघायला लागलो. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या माणसाला हे सांगायला नको. त्या सीमाभागानेच विसाव्या शतकातले मोठे दिगंबर आचार्य दिले. भोजचे शांतिसागर महाराज दक्षिणेतून पायी निघून १९३०च्या सुमारास दिल्लीपर्यंत आले, नंतर १९५५ला कुंथलगिरीवर त्यांनी देह ठेवला. शेडबाळचे विद्यानंद मुनी तर दिल्लीचेच झाले आणि २०१९च्या सप्टेंबरात दिल्लीतच गेले. त्यांच्या परंपरेत वस्त्र एकदम सुटत नाही. पहिल्या पायरीवरच्या साधकाला, म्हणजे क्षुल्लकाला, लंगोटी आणि एक उपरणं. त्याच्या वरच्या ऐलकाला नुसती लंगोटी. मुनीला काही नाही. कपड्याचा एकेक पदर उतरवायला वर्षं जातात. माझ्यासारखा झाडाआड जाऊन दोन मिनिटांत कोणी मोकळा होत नाही.

पण सगळं सोडलेल्या त्या माणसाच्या हातात काय होतं? एक कमंडलू आणि मोरपिसांची पिंछी. बसण्याआधी जागा झाडायची, पाऊल टाकण्याआधी मुंगी बाजूला करायची, म्हणून पिंछी. ती त्यांच्या स्वतःच्या अंगाच्या काहीही उपयोगाची नाही. थंडी वारत नाही, लाज राखत नाही. ती आहे वाटेत येणाऱ्या जिवासाठी. ज्याने स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही, त्यानेही दुसऱ्यासाठी एक वस्तू हातात ठेवली. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. आजोबा कुणी दारात आलं की पंचा खांद्यावर का घेत, तेही कळलं. पंच्याने त्यांचं काय झाकलं जाई? काहीच नाही. तुम्ही आलात हे मला दिसलं, एवढंच तो सांगत असे.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं. सौ. मटार सोलत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हाला पंचा पुरतो. मला काय लागेल, सांगा बघू.”

मी म्हटलं, “तुझी इच्छा असेल तर...”

“इच्छेचं नाही विचारलं. काय लागेल ते विचारलं.” मग तिनेच मोजायला सुरुवात केली. सकाळी फिरायला जाताना ती सलवार-कुडत्यावर ओढणी घेते, ती गळ्यात न अडकेल अशी मागे बांधते, बांगड्या काढून ठेवते, फोन हातात धरते, अंधार असेल तर लेकीला कळवते, आणि बागेत कुठल्या बाकावर कोण बसतं ते तिला पाठ आहे. “तुम्ही आता अडुसष्टाव्या वर्षी विचार करताय, काय घातलं की कुणी बघणार नाही. मी बाराव्या वर्षापासून करतेय. तुमची ही हौस आहे, आमची नोकरी. बिनपगारी.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दिगंबर परंपरेतही आर्यिकेला, म्हणजे साध्वीला, सोळा हातांचं पांढरं लुगडं आहे. पुरुषाची पायरी तिला मोकळी नाही. बाराव्या शतकातली अक्कमहादेवी कपडे टाकून निघाली, तर चित्रकार आजही तिला गुडघ्यापर्यंतच्या केसांत लपेटतात. न्यायाधीश क्रॉफर्डच्या मंडळात स्त्रीसभासद झालीच नाही. मोकळ्या अंगाच्या सगळ्या गोष्टी अशा पुरुषांच्याच निघतात. मी खाली मान घालून मटार सोलायला बसलो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. मित्राचा फोन आला. मी निघालो: जुने बूट, जाड मोजे, पाठीला पिशवी, टोपी आणि पंचा. गाडीतून जाताना अंगात नेहमीचेच कपडे होते. कुणाला दिसू नये म्हणून घालायच्या कपड्यांतला हा पहिला अंक. सोसायटीच्या पहारेकऱ्याने सलाम केला तेव्हा उगाच छातीत धडधडलं. वाटेत डावीकडे मांगरबनीचा फाटा गेला. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांनी राखलेली ती धौच्या झाडांची देवराई. गुदडिया बाबाचं स्थान, तिथली फांदी तोडायची नाही असा दंडक. नाव ऐकलं की मला आपली गोधडी आठवते. मांगरच्याच टेकड्यांत २०२१मध्ये गुहांतली प्राचीन चित्रं उजेडात आली. या दगडांवरून पहिल्यांदा चालणारी माणसं आमच्यासारखीच, अंगावर फार काही नसलेली असणार, असं मित्र म्हणतो. म्हणून तिथे तसं चालायचं का? नाही. देवराई दुसऱ्यांची आहे. भिंतीतल्या तीन एकरांना दुसऱ्यांची नजर नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा.

पोचल्यावर मित्राने चहा दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. बरोबरीने चालायचं नाही हे आधीच ठरलं होतं. मी कडुलिंबाखाली कपडे काढले, घडी करून पिशवीत ठेवले, पंचा खांद्यावर टाकला आणि निघालो.

काय वाटलं ते सांगताना मोठे शब्द आठवतात, पण ते खरे नाहीत. पहिली दहा पावलं मला फक्त माझं पोट जाणवत होतं. मग पाऊस जोरात आला. लहानपणी ठाण्याला मासुंदा तलावाच्या काठी पहिल्या पावसात आम्ही चड्डीवर भिजत असू. ते आठवेल असं वाटलं होतं, आठवलं नाही. त्याऐवजी कळलं ते असं की पाठ नावाचा एवढा मोठा भाग मी पन्नास वर्षं कापडाच्या हवाली करून विसरलो होतो. तिच्यावर थेंब पडत होते आणि ती माझीच होती. कुठेतरी मोर ओरडला. वाटेवर भिजलेलं एक मोरपीस पडलं होतं, ते उचललं. चाळीस-पन्नास पावलं झाली असतील.

तेवढ्यात टेकडीकडून आवाज आला, “बाबा! कोई बकरी देखी के?”

हात आपोआप खांद्याकडे गेला. पंचा ओला होता, कमरेला चिकटला, गाठ एका झटक्यात बसली. बूट काढावे लागले नाहीत. मित्राचे सगळे नियम खरे ठरले. मान वर केली तेव्हा पंधरा-वीस हातांवर, जिथे भिंत नाही त्या बाजूला, एक बाई उभी होती. हातात काठी, डोक्यावर भिजलेलं पोतं, आणि ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. या भागातल्या बायका वडीलधाऱ्या पुरुषासमोर घेतात तसा घुंघट. मी म्हटलं, “नहीं देखी.” ती “राम राम” म्हणून टेकडीमागे गेली. तिच्यालेखी मी पंचा नेसून शेतात उभा असलेला कुणी म्हातारा होतो. किंवा नव्हतो. ओढणीआडून तिने काय पाहिलं, केव्हा पाहिलं, ते तिलाच ठाऊक. त्या रिकाम्या टेकडीवर भर पावसात आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो आणि दोघांनी एकमेकांसाठी एकेक कापड ओढून घेतलं होतं. माझं कापड मी थोड्याच वेळापूर्वी हौसेने खांद्यावर घेतलेलं. तिचं?

संध्याकाळी घरी आल्यावर सगळं सांगितलं. सौ. हसेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, “तुम्ही पंचा बांधेपर्यंत तिचा पदर ओढून झाला होता ना?”

“झाला होता.”

“हं,” म्हणाली. पिशवीतला पंचा काढून पिळला. काठाला अडकलेला एक सराटा नखाने काढून टाकला आणि पंचा बाल्कनीत दोरीवर टाकला. रात्री हवा दमट होती, पाऊस पुन्हा लागला. चहा होईपर्यंत वाळणारा माझा पंचा सकाळपर्यंत वाळला नव्हता.